बांधावरचा तळ

आबा, तुमची नात परदेशात डॉक्टरी शिकते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझंच लग्न व्हायचं होतं. ती राहते तो देश लहान, शेजारी दांडगा आणि दोघांचं वैर जुनं. आता त्या लहान देशाने आपल्या दोस्त राष्ट्रांना अगदी सरहद्दीला लागून लष्करी तळ उभारायला जागा दिली आहे, आणि पोरीचं कॉलेज तिथून जवळच आहे. इथे तळोद्याच्या घरात सकाळपासून टीव्ही चालू आहे. पोरीला बोलवून घ्यायचं की राहू द्यायचं, हे बायको पुन्हा पुन्हा विचारते आणि मला राहून राहून तुमचा रेडिओ आठवतो.

तो चुलीशेजारच्या फळीवर असायचा. माय कळण्याच्या भाकरी थापते आहे, तुम्ही जेवता आहात आणि बातम्यांत सांगतात, कुणीतरी कुणाच्या तरी सरहद्दीजवळ तळ दिला. तुमचा घास थांबतो. "तळ? कोन्हा तळ? ठेलारीस्ना?" हसून हसून माझी मुरकुंडी वळली. आपल्याकडे तळ पडायचा तो ठेलाऱ्यांचाच. पीक निघालं की खतासाठी वावरात मेंढ्या बसवायला यायचे ते. सैन्याचा तळ, आबा, असं मी समजावलं, तरी तुम्ही आपल्याच वाटेने गेलात. "बांधवर तळ बसाडा की भांडण उनंच. तळ चार दिनमा उठी जाई. शेजारी कोठे जाई?" मायने भाकर उलटली. "आन तो दर साल बांध कोरी ऱ्हायना, ते दिखत नही का तुमले?" खरंच होतं ते. आपला शेजारी भावाभावांच्या जोरावर दरवर्षी नांगराचं एक तास आपल्या बांधात घालून तेवढी जमीन गिळायचा. तुम्ही हात धुतलेत.

त्या वर्षी मात्र मायचं ऐकलंत. मेंढ्या थेट बांधाला खेटून बसवल्या. ठेलाऱ्यांची माणसं आणि कुत्री बघून शेजाऱ्याचा नांगर लांब राहिला, पण त्याने बोलणं टाकलं आणि त्याचे भाऊ काठ्या घेऊन त्यांच्या उभ्या हरभऱ्याच्या कडेला बसू लागले. मग तुम्ही घरून खाट नेलीत आणि बरोबर मधोमध, बांधावर टाकलीत. एखादं मेंढरू पलीकडे वळलं की तुम्हीच आधी उठायचात. तळ उठल्यावर मी खाट न्यायला आलो, तर म्हणालात, "आठेच ऱ्हाऊ दे," आणि खाट बांधावरच राहिली. पुढे केव्हातरी शेजारी तिच्या कडेला टेकला आणि तुम्ही तंबाखूची चंची पुढे केलीत. बांध त्यानंतरही थोडाफार कोरला गेलाच. काठ्या मात्र परत कुणी आणल्या नाहीत.

पोरगी फोनवर म्हणते, "बाबा, इथल्या लोकांना तो तळ हवाय. त्यांना आता झोप लागते." आणि पुढे म्हणते, "मला लागत नाही." मायचं बरोबर होतं की तुमचं, मला अजून ठरवता येत नाही. टीव्हीवर नकाशे आहेत, बाण आहेत, तावातावाने बोलणारी माणसं आहेत. मधे खाट टाकून बसलेलं कुणी दिसत नाही. फार आठवण येते, आबा. तुमच्या पायाशी बसून एकदा विचारता आलं असतं, तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहायला घेतलं. धाडायचं कुठे, हा प्रश्न आहेच.

मघाशी तिने विचारलं, "आजोबा असते तर काय म्हणाले असते?" तिच्याशी मी कधी अहिराणीत बोललेलो नाही, पण तोंडून निघून गेलं, "पोरी, घर ये." ती म्हणाली, "आजोबा म्हणतात, तर येते."

आबा, ते तुम्ही नव्हतात. घाबरलेला मी होतो.