मामाने सोडायची गाठ

परळ,
१८ डिसेंबर २०२५

चि. राधा हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून आधी दचकली असशील. कुणी गेलेलं नाही. सगळे बरे आहोत. माझी साखर वर-खाली होते, निलेशची बदली भांडुपला झाली, नातू अर्णव पाचवीत गेला. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या खोलीत सकाळचं ऊन उशिरा येतं आणि आल्या पावली जातं. फोन केला असता, पण तू मला तिसऱ्या वाक्याला गप्प करायचीस, लहानपणापासून. कागदावर तरी म्हाताऱ्याला शेवटपर्यंत बोलू देशील. तुझ्या यजमानांना नमस्कार.

तुला ठाऊक नसेल, आमच्या सूनबाईने, अंबिकाने, घरात शिवणाचं काम सुरू केलंय. ब्लाउज, फॉल-बिडिंग नव्हे. लग्नात नवरानवरीच्या मधे धरतात ते अंतरपाट. कापड दादरहून आणते आणि त्यावर तोरण, कलश, मोर सगळं हाताने भरते. एकेका मोराला आठवडा जातो. मोबाईलवर एक मोठा बाजार आहे, तिथे तिचं दुकान. कुठून कुठून मागणी येते, सोलापूर, नागपूर. आपण ज्यांना कधी बघणार नाही त्यांच्या लग्नात आपल्या खोलीतला मोर जाऊन उभा राहतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. अंबिकाला नाही वाटत. तिचे डोळे दुखतात.

माझं काम घड्या घालायचं. मिलच्या घडी खात्यात आयुष्य गेलं, हात विसरत नाहीत. घडी घालताना शाळेतल्या कविता म्हणतो. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण गुरुजींनी छडीच्या ठेक्यावर पाठ करून घेतलेलं कडवं न् कडवं आठवतं. लालबागच्या खोलीत मी माळ्यावर बसून म्हणायचो आणि तू खालून मुद्दाम चाल चुकवायचीस. आठवतं का गं? तेव्हा राग यायचा. आता कुणी चुकवत नाही.

दुसरं काम परत आलेल्या मालाचं. त्या बाजाराचा कायदा असा की, गिऱ्हाइकाला वस्तू पसंत नसेल तर सात दिवसांत परत, पैसेही लगेच परत. मी त्याला नावं ठेवत नाही. फसवणारे दुकानदार काय कमी असतात? आणि आपल्या घरात तरी काय, निलेशने एका लग्नापुरते बूट मागवले, घालून मिरवला आणि सोमवारी परत केले. तेव्हा अंबिकासुद्धा हसली होती. आता हसत नाही. परतीचं भाडं तिच्याकडून कापतात. माल मळून येवो, फाटून येवो, दाद मागायची तर पार्सल उघडतानाचं सलग चित्रण लागतं, आणि निकाल लागेपर्यंत माल आला तसाच ठेवायचा, बोट लावायचं नाही. शिवाय परतीचा माल वाढला की दुकान मागच्या पानावर ढकलतात. ऐन लग्नसराईत मागचं पान म्हणजे मार्केटातला जिन्याखालचा गाळा. तिथवर कोण येतंय?

तर चित्रण. अंबिका मोबाईल धरते आणि मी ताठ उभा राहून म्हणतो, "आज दिनांक अमुक, मी गुणाजी, हे पार्सल उघडीत आहे."

"बाबा, प्रतिज्ञा म्हणताय काय? हात पुढे घ्या नि टेप फाडा."

"सुरुवात नीट नको का?"

"कविता नंतर. आधी टेप."

असं चालतं आमचं.

मागच्या आठवड्यात शीवहून एक अंतरपाट परत आला. गिऱ्हाइकाचं नाव आम्हाला दाखवत नाहीत, फक्त ठिकाण. कारण लिहिलं होतं, 'फोटोत आहे तसा नाही.' मी घडी उलगडली आणि तांदूळ सांडले. कुंकवाने लाल झालेले, चांगले पसाभर.

"बघा!" अंबिका ओरडली. "अख्खं लग्न लावून परत पाठवलाय! हलू नका बाबा, शूट चालू आहे."

मी हललो नाही. हलता आलं नसतं. खालच्या कोपऱ्याला गाठ होती, आत सुपारी.

"ही गाठ कसली?" तिने विचारलं.

"असेल कुणाची रीत," मी म्हटलं.

कुणाची रीत! तुला मी काय सांगू, पण लिहितो. लग्नाच्या सकाळी नवरीच्या आईने अंतरपाटाच्या कोपऱ्यात सुपारी बांधायची, आणि मंगलाष्टकं संपून पाट दूर झाला की मामाने गाठ सोडून ती सुपारी नवरीच्या ओंजळीत ठेवायची. आपल्या घराबाहेर मी ही रीत कुठे पाहिली नाही. "गाठ मामानच सोडूची, दुसऱ्या कोणी हात लावूचो नाय," आई म्हणायची. तुझ्या लग्नात मामाची एसटी घाटात बंद पडली. तो पोचला तेव्हा पंगती उठत आल्या होत्या. तोवर तू बसून होतीस, पण गाठीला कुणाला हात लावू दिला नाहीस. आणि ही गाठ डावखुरी होती, राधा. वेढा उलटा. आईने शिकवताना तुझ्या हातावर किती फटके मारले, तरी तू उलटाच घातलास.

म्हणजे श्रेयाचं लग्न झालं तर. मला ते असं कळलं, पार्सलातून. छान झालं. मुलगा कसा आहे? सुखात राहू दे पोरीला.

तो अंतरपाट तू जपून ठेवायला कपाटात टाकला असशील, आणि श्रेयाने तुला न विचारता परत केला असेल. हल्लीच्या मुलांना एकदा वापरलेली वस्तू घरात अडचण वाटते. घाईत तिला गाठ दिसलीही नसेल. दुकान कुणाचं हे तर तिला ठाऊकच नव्हतं.

दोन दिवस मी अंबिकाला काही बोललो नाही. तिने दावा भरला, चित्रण जोडलं. मग मला राहवेना, सांगून टाकलं. तिने मशीनवरचा पाय उचलला नाही.

"तुमची खात्री आहे?"

"गाठीवरून. शंकाच नाही."

"श्रेयाने?"

"तिला काय माहीत, दुकान आपलं आहे."

"आपलं नसतं तरी कुणाच्या तरी हातचंच असणार ना, बाबा."

टाका संपवून तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "बोला. मागे घेऊ दावा? तुमची भाची आहे."

राधा, तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हटलं, "घेऊ नकोस." श्रेया मला परकी नाही, पण अंबिकाची बोटं मी रोज बघतो. तर तुझ्या लेकीच्या विरुद्ध साक्षीला तुझा दादा उभा राहिला, असं समज.

पण मग ती अट आडवी आली. माल आला तसाच ठेवायचा. गाठ हाच आमचा पुरावा, ती सुटली तर दावा मेला. मी रोज कपाट उघडून कापडावरून सुपारी चाचपायचो नि दार लावायचो. पोरगी सासरी गेली आणि तिची गाठ माझ्या कपाटात अडकून पडली, हे काही मनाला पटेना. आई असती तर तिने मला आणि त्या बाजाराला दोघांनाही झोडलं असतं.

काल निकाल आला. दावा नामंजूर. 'वस्तू पुन्हा विकण्यायोग्य आहे.' वस्तू आमच्या कपाटात, मग बघितली कुणी, कुठून? विचारायला माणूस नाही. नंबर लावला की गाणं वाजतं.

अंबिका म्हणाली, "योग्य आहे म्हणे. कुणाला विकू? तांदळासकट?" आणि चहा ठेवायला उठली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत तिचं दुकान मागच्या पानावर गेलं होतं. तिने ते पाहिलं, मोबाईल उपडा ठेवला आणि अर्धा राहिलेला मोर भरायला घेतला.

अंतरपाट ठेवायला मी ट्रंक उघडली, तर तळाला तुझी साडी. निलेशच्या लग्नातली, मानाची. दुसऱ्या दिवशी तू शेजाऱ्यांबरोबर परत पाठवली होतीस, वर्तमानपत्रात गुंडाळून. घडी मोडलेली नाही. त्या मोबाईलच्या बाजारातसुद्धा वस्तू परत करताना कारण विचारतात गं. खोटं का होईना, माणूस लिहितो. तू लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही. बारा वर्षं मीच एकेक कारण लावून बघतोय. रंग आवडला नसेल. पत्रिकेत यजमानांचं नाव फार खाली आलं असेल. की साडी मी माझ्या हाताने न देता गर्दीत कुणाकडून तरी देवविली, ते लागलं? यातलं शेवटचं कारण मनात आलं की मी दुसरीच कविता सुरू करतो.

आता एक राहिलं. ते टाळत टाळत इथवर आलो.

वर लिहिलं ना, लग्न पार्सलातून कळलं. खोटं आहे ते. मला आधीच कळलं होतं. आपल्या जुन्या चाळीतला राकेश हॉलच्या सजावटीची कामं घेतो, कॉटन ग्रीनला त्याचं गोदाम आहे. तो रस्त्यात भेटला, दिवस नि दादरचा हॉल सांगून म्हणाला, "भाचीच्या लग्नात भेटूच, काका." मी हो म्हटलं. रोज दाराच्या फटीत पत्रिका आली का बघितलं. लग्नाच्या दिवशी पांढरा सदरा घातला, काळी टोपी घातली आणि दादरला त्या हॉलसमोर गेलो. समोर रसवंती आहे, तिथे बाकावर बसलो. बोलावलं नाही तर पायरी कशी चढू, असं वाटलं. मामा म्हणून मान होता ना माझा. कर्ण्यातून मंगलाष्टकं ऐकू येत होती. भटजी चाल चुकत होते, आणि मी ती बसल्या जागी दुरुस्त करीत होतो. 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, माझा हात आपसूक वर गेला. हातात अक्षता नव्हत्या. रस तसाच ठेवून घरी आलो. अंबिकाला सांगितलं, बँकेत गेलो होतो.

तेव्हा वाटलं, राधाने दादाला कायमचं पुसून टाकलं.

पण आत गाठ होती. मामा यायचा नाही असं जिला ठाम वाटतं ती सुपारी बांधत नाही. आणि पाट दूर झाल्यावरही तू ती कुणाला सोडू दिली नाहीस. तिकडे सत्तर काका-मामा असतील टोपी घालून, कुणीही सोडली असती. पत्रिका पाठवायला तुझा हात धजला नाही, आणि गाठ बांधायला धजला. किती वेळ दाराकडे बघितलंस गं? मी रस्त्याच्या पलीकडे होतो.

पैशांचं काही मनात आणू नकोस, अंबिका ते घ्यायची नाही. श्रेयाला रागावू नकोस, पण तिला घेऊन ये. तिला एकदा अंबिकाची बोटं बघू दे, बाकी मी काही बोलणार नाही. अंबिकाला विचारलं तर म्हणाली, "येऊ देत. चहा देईन, भाकरी देईन. पण बोलेन मी, आधीच सांगते." बोलू दे तिला. तिचा तो हक्क आहे. साडीही इथेच आहे. नेसलीस तर डोळे निवतील. नसेल नेसायची तर पुन्हा परत कर, पण या वेळी माझ्या हातात दे आणि कारण तोंडावर सांग.

दावा संपला, आता ती गाठ सोडायला मला कुणाची मनाई नाही. तरी सोडलेली नाही. सुपारी ठेवायला ओंजळ लागते.

वाट बघतो. या वेळी दारातच उभा आहे.

तुझा दादा,
श्रेयाचा मामा,
गुणाजी