टाकी फुटू शकते

सोमवार, ११ फेब्रुवारी
'टाकी फुटू शकते' – तेवढं काढा म्हणे! लाल पेनाने तीनदा खोडलंय साहेबांनी.

ग्राहकांना पाठवायच्या मेसेजच्या चारच ओळी लिहिल्या होत्या. गिझर आत्ता बंद करा. व्हॉल्व खराब आहे. टाकी फुटू शकते. आमचा माणूस येऊन फुकट बदलून देईल.

आपल्या कंपनीचे गेल्या वर्षीचे अकरा हजार गिझर तसे आहेत. गेल्या आठवड्यात एकाच्या बाथरूममध्ये खरंच फुटला. नशीब, आत कुणी नव्हतं.

"अहो, आपण मार्केटिंगवाले! लोकांना घाबरवायला बसलोय का?" – साहेब.

मंगळवार
आठ वेळा लिहिलं. शेवटी मंजूर झालं ते हे – 'आपल्या गिझरसाठी प्रगत सुरक्षा अनुभव! सेवाभेट आजच निश्चित करा.' डोंबल!

एरवी कुठलाही मेसेज आधी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवतो. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. फालतू शब्द टाके उसवल्यासारखे काढून टाकतात. ऐकून झालं की "म्हणजे काय, तर –" म्हणून आपल्या भाषेत सांगतात. माझ्या मनातलंच निघालं तर मेसेज पास.

आज वाचून दाखवला नाही. धीरच झाला नाही.

त्यांचा गिझर मात्र मी शनिवारीच बंद करून आलो. "आई, हात लावू नका, फुटेल." संपलं! एका वाक्यात काम झालं.

बुधवार
गेला मेसेज.

शुक्रवार
अकरा हजारांतून फोन आले एकशे चाळीस. साहेब खूश – "सुरुवात छान आहे!" मी उरलेले मोजले – दहा हजार आठशे साठ.

शनिवार
सासूबाईंनी दारातच मोबाइल नाकासमोर धरला. "जावईबापू, हे तुम्ही लिहिलंत?"

मी चपला काढू लागलो.

"म्हणजे काय, तर काहीतरी नवीन विकताय. खालच्या मजल्यावरच्या पोरीने तर पुसूनही टाकला. तिच्याकडे तोच गिझर आहे ना?"

खालच्या पोरीचं बाळ दोन महिन्यांचं! अनवाणीच जिना उतरलो. गिझर चालू. आतून खडखड. बटण बंद केलं. बाळाच्या अंघोळीची तयारी चाललेली – टॉवेल, साबण, सगळं मांडून ठेवलेलं.

"अहो, मला वाटलं जाहिरात आहे," ती म्हणाली. तिचं काय चुकलं? जाहिरातच होती ती!

सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. "मला एका वाक्यात सांगितलंत. हिला का नाही?"

लाज वाटली. अजून वाटतेय.

रविवार
ऑफिसात चिटपाखरू नाही. मेसेज पाठवायचा पासवर्ड माझ्याकडेच असतो. जुन्याच चार ओळी टाकल्या. खाली स्वतःचं नाव – उगाच दुसऱ्या कुणाला धरायला नको. बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. मग दाबलं.

सोमवार, १८ फेब्रुवारी
सकाळपासून फोन थांबत नाहीत. फोनवरच्या मुलींना पाणी प्यायलाही उसंत नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. उठतच होतो, तेवढ्यात सासूबाईंचा फोन. चारही ओळी वाचल्या होत्या, खालचं नावही.

"म्हणजे काय, तर तुमची नोकरी गेली."

मेसेज पास.