सातव्या नंबरावर बाबा

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. प्रत्यक्षात घातला तर उठवायला दोन माणसं लागतील आणि घरात माझ्याशिवाय एकच आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, की अजून 'मला सगळं स्वच्छ दिसतं' म्हणत दिव्याच्या खांबाला 'काय, कसं काय?' विचारताहेत? आम्ही दोघं ठणठणीत. माझा घसा तर तरुणपणी नव्हता इतका चांगला आहे, कारण गेले तीन आठवडे तो वापरलेलाच नाही. हो, मी. बसस्थानकावर एकतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करणारा तुझा धाकटा भाऊ तीन आठवडे तोंडातून अवाक्षर न काढता जगला. का, ते सांगतो.

पाकिटात एक सीडी आहे. ती आत्ता लावू नकोस. लावलीस? मग बंद कर आणि आधी पत्र वाच. ताई, मला इतका आनंद झालाय की हे अक्षर बघ कसं नाचतंय!

त्याचं असं झालं. मुलीने मला एक यंत्र पाठवलं. दिसायला जुन्या रेडिओसारखं, पण पोटात सगळा संसार. वर झाकण उघडलं की रेकॉर्ड लावायची तबकडी, बाजूला कॅसेटची फट, समोर रेडिओ, खाली सीडीचा कप्पा. वर रेकॉर्ड वाजते आणि खाली तिची सीडी तयार होते. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आधी माहितीपुस्तिका वाचा." आता मला सांग, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना सूचना दिल्या, त्याने सूचना वाचायच्या? मी ती पुस्तिका बायकोकडे दिली आणि कामाला लागलो. माझ्या डोक्यात एकच रेकॉर्ड होती. कुठली, ते तुला सांगायला नकोच. बाबांची.

(तुला पाठ आहे, तरी मला सांगू दे. तीन आठवड्यांचं बोलणं साठलंय.) व्हायोलिनची ती सकाळची मैफल. रेकॉर्डिंग चालू असल्यामुळे टाळ्या वाजवायच्या नाहीत, खोकायचं नाही, खुर्ची वाजवायची नाही, अशी सक्त ताकीद. छापखान्यातली रात्रपाळी संपवून, हाताची शाई धुऊन, न झोपता थेट सभागृहात आलेले आपले बाबा, शेजारी नऊ वर्षांची तू, आणि डोक्यावर लोंबणारा मायक्रोफोन. मी वर्षाचा, घरी आईच्या मांडीवर. सहावी धून संपली, पाचशे माणसं श्वास रोखून बसली, आणि त्या शांततेत एकच खोकला. बाबांचा! पुढे रेकॉर्ड निघाली तेव्हा बाबांनी स्वतः आईला बोट वर करून दाखवलं, "हा मी." आणि बाबा गेल्यावर आई दर रविवारी तेच बोट वर करून आपल्याला दाखवायची, "ऐका, हे तुमचे बाबा." बाबा गेले तेव्हा तू चौदाची होतीस, तुला त्यांचं बोलणं आठवतं. मी सहाचा. मला त्यांचा हात आठवतो, शाईचा वास आठवतो, पण आवाज म्हणशील तर तेवढा एक खोकला. माझ्यापाशी बाबांचं दुसरं काही नाही गं. आणि रेकॉर्ड इतकी झिजलीय की खोकला दर वर्षी थोडा लांब जातोय. म्हणून ही घाई, आणि म्हणून हा सगळा उपद्व्याप.

पहिल्याच दिवशी एकदम बाबांच्या रेकॉर्डला हात घालायला मी काही दूधखुळा नाही. सरावासाठी एक बासरीची रेकॉर्ड लावली. यंत्राचा आवाज यंत्रालाच ऐकू जाऊन घोटाळा नको म्हणून कर्णे पूर्ण बंद ठेवले (हे माझं डोकं). सुई फिरत होती, लाल दिवा लागला होता, मी हात जोडून समोर बसलो होतो. चाळीस मिनिटांनी सीडी काढून लावली. बासरी नाहीच! एक पुरुष अत्यंत समजूतदार स्वरात हिरड्यांविषयी बोलत होता. हिरड्यांतून रक्त का येतं, ब्रश कसा धरावा, गोड खाल्ल्यावर चूळ का भरावी. मी सर्द झालो. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आमच्या भिंतीला भिंत लागून दंतवैद्यांचा दवाखाना आहे. यंत्राचे कान इतके तिखट की त्याने भिंतीपलीकडचे दंतवैद्य टिपले होते! मला यंत्राचं कौतुक वाटलं आणि भीतीही. भिंतीपलीकडचं ऐकणारं यंत्र घरातलं काय काय ऐकेल?

त्या दिवसापासून घरात मौन जाहीर केलं. (माझी शेवटची घोषणा.) दारावरची बेल काढली. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले, त्यामुळे बैठकीत चार जास्तीची माणसं बसल्यासारखं वाटायचं. कुकरला बंदी. बायकोला आणि मला मिळून एक वही, दोरीला बांधलेली पेन्सिल, जे काय सांगायचं ते लिहून. मी लिहायचो, "आज ढग आले आहेत, मागच्या वर्षी याच सुमारास असेच ढग आले होते तेव्हा" इथपर्यंत आलो की हात दुखायचा आणि मी सोडून द्यायचो. ती लिहायची, "दूध." किंवा "बरं." ताई, चौतीस वर्षांत पहिल्यांदा आमचं तीन आठवडे भांडण झालं नाही. भांडण लिहायला बसलं की दुसऱ्या ओळीतच त्यातला राम जातो. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, तिचा अर्थ मात्र लागला नव्हता: बायको फार टवटवीत दिसू लागली होती. दुपारी खिडकीशी बसून विणायची आणि अधूनमधून उगाचच हसायची.

दंतवैद्यांकडेही गेलो. (दवाखान्यात बोलायला परवानगी होती, ती मीच मला दिली होती.) म्हटलं, डॉक्टर, राग मानू नका, पण तुमचं हिरड्यांवरचं व्याख्यान आमच्या बासरीवर चढलंय. ते म्हणाले, "मी असं व्याख्यान कधी दिलं?" पण माणूस सज्जन. कुजबुजत बोलायचं कबूल केलं आणि पाळलंही. परवा भेटले तेव्हा म्हणाले की, हल्ली रोगी वाढलेत, डॉक्टर फार हळुवार झालेत असं बोललं जातंय.

मग भरपूर सराव करून (सात सीड्या वाया, त्यातल्या चार शेवटचं बटण दाबायचं राहिल्यामुळे, ते दाबल्याशिवाय सीडी दुसऱ्या कुठल्याच यंत्रात तोंड उघडत नाही) गेल्या सोमवारी सकाळी बाबांची रेकॉर्ड लावली. कानांवर हेडफोन, तोंडावर ओला पंचा. बायको खिडकीशी. पहिली धून झाली, दुसरी झाली. सहावी संपली. शांतता. मी बोट वर केलं, आईसारखं. आणि कानात बाबा खोकले.

आणि ताई, त्याच क्षणी मीही खोकलो!

तीन आठवडे दाबून धरलेला खोकला होता तो. पंचा कुठल्या कुठे उडाला.  यंत्राने दोघांचे खोकले एकत्र केले असणार, बाबांवर मी चढलो असणार. रेकॉर्ड कशीबशी शेवटपर्यंत वाजू दिली, शेवटचं बटण दाबलं, आणि पुन्हा रेकॉर्ड करू म्हणून घाईघाईने सुई सहावीच्या शेवटावर ठेवायला गेलो, तर दांडा हातातून निसटला आणि सुई करकरत आडवी गेली. आता ती रेकॉर्ड लावली की सहावीच्या शेवटावरून सुई थेट पुढच्या धुनेवर उडी मारते. मधले बाबा गेले. छप्पन्न वर्षं आईने आणि मी जपलेले बाबा मी एका मिनिटात घालवले. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने वहीत लिहिलं, "सीडी ऐका तरी." मी लिहिलं, "हिंमत नाही." सीडीवर माझाच खोकला निघाला असता तर मी कुणाला काय सांगणार होतो?

तेव्हा ती उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि तोंडाने बोलली. तीन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकून मी दचकलोच. म्हणाली, "अहो, त्या यंत्राला ऐकू येत नाही." म्हटलं, म्हणजे? तिने माहितीपुस्तिकेचं चौथं पान पुढे केलं. आवाज थेट सुईतून घेतला जातो, खोलीतल्या बोलण्याचा काहीही परिणाम होत नाही. ठळक अक्षरांत! दंतवैद्यांचं काय, विचारलं, तर तिने समोरचं बटण दाखवलं. पहिल्या दिवशी ते 'रेकॉर्ड'वर नव्हतंच, 'रेडिओ'वर होतं. आरोग्याचा कार्यक्रम लागला असणार. मी म्हटलं, तुला हे कधी कळलं? तिने ठळक ओळीच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "बरं झालं." खाली तारीख. यंत्र आलं त्याच दिवसाची!

मी रागावणार होतो. मोठा श्वासही घेतला होता. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की यंत्राला ऐकू येत नाही म्हणजे माझा खोकला सीडीवर नाही! आणि ताई, ही बाई आणखी तीन महिने गप्प राहू शकली असती. माझा चेहरा बघून तिने आपली शांतता मोडली. मी रागवायचं रद्द केलं.

सीडी लावली. आणि आता हातातलं काम बाजूला ठेव. रेकॉर्डच्या वेष्टनावर आठ धुना आहेत, बरोबर? सीडीवर नऊ दिसतात! हे यंत्र दोन सेकंद शांतता झाली की पुढे येईल त्याला नवा नंबर देतं. सहावी धून, शांतता, मग बाबा, मग पुन्हा शांतता, मग पुढची. यंत्राला वाटलं हेही एक गाणं आहे. त्याने बाबांना स्वतःचा नंबर दिला, ताई! सातवा. लांबी दोन सेकंद. बाबांना उभ्या आयुष्यात कुणी स्वतंत्र नंबर दिला नव्हता, छापखान्यातली खुंटीसुद्धा दुसऱ्याबरोबर वाटून होती. आता ७ दाबायचं की बाबा. मी सकाळपासून एकवीस वेळा दाबलं. बोट वर करायलाही वेळ मिळत नाही.

तर तुझ्या सत्तरीची ही भेट. सातचं बटण दाब आणि मला कळव.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा (पुन्हा बोलू लागलेला)
धाकटा भाऊ

ता. क. – दंतवैद्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. त्यांचा धंदा का बिघडवा?

ता. क. – खरं तर पत्र याच्याचसाठी लिहिलं, वर लिहायला धीर झाला नाही. खोकला मोठ्याने ऐकल्यावर क्षणभर वाटलं, बाबांच्या मानाने जरा बारीक आहे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी तू होतीस. आता तुझ्याशिवाय कुणाला विचारू? ऐक आणि पोस्टकार्डावर एवढंच लिही: रेकॉर्डवर बाबा आहेत ना? होय किंवा नाही. मी वाट बघतो.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून खालच्या जागेत लिहिते. तुमच्या माळ्यावर दोन डझन रेकॉर्डी पडल्यात असं ऐकलंय, त्या पाठवून द्या. यंत्राला बोलणं ऐकू येत नसलं तरी पावलांनी सुई उडते, हे त्याच पानावर खाली लिहिलंय आणि ते यांनी अजून वाचलेलं नाही.

दुसरं असं की, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला सांगितलं होतं, की खोकला मागच्या रांगेतल्या माणसाचा होता. मामंजी रात्रपाळीने दमून गाढ झोपले होते, त्या खोकल्यानेच त्यांना जाग आली, आणि घरी झोपेचं कळू नये म्हणून त्यांनी खोकला आपल्या नावावर घेतला. तुम्ही नवव्या वर्षापासून गप्प राहिलात, मी चौतीस वर्षं. पण हे तीन आठवडे घर शांत होतं म्हणून एक गोष्ट मला ऐकू आली. हे फिरायला गेल्यावर मी सीडी लावली होती. सातवा नंबर सोडा. सहाव्याच्या अगदी शेवटी, व्हायोलिन थांबल्यावर, आवाज पूर्ण वाढवून कान लावा. कुणीतरी मायक्रोफोनच्या अगदी खाली, हळू, एका लयीत घोरतंय. यांच्यासारखंच.

यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, वडील तुमचे. पण पोस्टकार्डावर 'होय' बिनधास्त लिहा, वन्सं. ते खोटं नाही.