घरचं विरजण

३ जानेवारी

पोचले एकदाची. ताई स्टेशनवर उभी होती. मला बघताच धावत आली आणि मिठी मारली ती सोडेचना. वाळली आहे बरीच, खोकतेही. इथल्या थंडीने सर्दी धरली आहे म्हणाली. बाकी तिने पत्रात लिहिलं होतं तसंच आहे सगळं: दोन खिडक्यांची खोली, नळाला गरम पाणी, खण असलेलं टेबल. ते पत्र मला पाठ झालं आहे. ‘काम सोपं आहे. माणसं घरच्यासारखी आहेत. येताना फक्त जाड स्वेटर आण.’

आमच्याकडे थोरली म्हणजे घराचा खांब, धाकटी म्हणजे आईच्या डोळ्यातली बाहुली आणि मधली म्हणजे या दोघींमधली फट. डिप्लोमा होऊन दोन वर्षं मी लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेत होते. ताईने इथे माझं नाव सुचवलं तेव्हा, खरं सांगायचं तर, रडू आलं. कुणाला तरी मी आठवले.

४ जानेवारी

पलंग एकच, त्यामुळे काल लहानपणीसारख्या एकाच पांघरुणात झोपलो. तिचा खोकला गालावर येत होता म्हणून मी कूस बदलली, तर म्हणाली, इकडे तोंड कर ना, किती दिवसांनी भेटतोय.

आज कारखाना पाहिला. पाच पोलादी टाक्या, प्रत्येक दोन मजले उंच, पोटाशी ताटाएवढी जाड काच. आत भुशाचा लगदा आणि बुरशी. बुरशी भुसा खाते, त्यातून इंधन सुटतं, शेजारच्या इमारतीत त्यावर वीज होते आणि शहराचे निम्मे दिवे लागतात. माझ्याकडे तीन नंबरची टाकी आहे. तापमान, आंबटपणा, ढवळणीचा वेग, दर तासाला लिहायचं.

साहेब मोठे गमत्ये. म्हणाले, बुरशीला दोनच गोष्टी लागतात, ऊब आणि न कंटाळणारी माणसं. पण टाकीत वाढून वाढून ती थकते, इंधन देईनाशी होते. म्हणून तिला दर आठवड्याला ताजं बियाणं द्यावं लागतं. त्याला इथे सगळे विरजण म्हणतात. मी विचारलं, ते आणता कुठून? साहेब म्हणाले, घरचंच असतं. सगळे हसले. मीही हसले.

अकरा पानी करारावर सह्या केल्या. वाचायला तासभर दिला होता, पण ताई बाहेर थंडीत ताटकळत होती.

१४ जानेवारी

ताई तीन रात्री माझ्याकडे राहिली आणि पलीकडच्या इमारतीत गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला इंजेक्शनं सुरू केली. आता खोकला गेला आहे, गाल भरलेत, दोन दोन पायऱ्या एकदम चढते. मी तिला म्हटलं, माझा पायगुण. ती हसली नाही.

इथे सगळे कुणाचे ना कुणाचे आहेत. स्टोअरवाल्या मामांनी भाची आणली होती, कॅन्टीनवाल्या बाईंनी सख्खा भाऊ. अख्खं गोत एका फाटकाच्या आत! पण ती भाची कधी दिसली नाही. विचारलं तर मामा म्हणाले, गेली. स्क्रू निवडत राहिले.

२३ जानेवारी

मंगळवारी नव्या माणसांची तपासणी झाली. म्हणजे माझी एकटीचीच. डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घालून छातीतलं थोडं पाणी काढलं. दुखलं. बाई प्रेमळ आहेत, सारखं ‘झालं हं, झालं’ म्हणत होत्या. बुधवारी तीन नंबरला ताजं विरजण लावलं. टाकी आजारीच होती म्हणे, पण कालपासून काचेआड नुसता कापूस फुलला आहे आणि इंधन दीडपट. साहेबांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आजवर माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

एक गंमत. मी काचेपाशी गेले की बुरशी त्या बाजूला दाटते. डावीकडे गेले की डावीकडे. मामांना दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही.

मलाही खोकला लागला आहे. थंडी.

३० जानेवारी

खोकताना रुमालात पांढरा दोरा आला. स्वेटरचा असेल म्हणून ओढला. छातीत खोल कुठेतरी ओढ बसली. तोडला. त्याच क्षणी तीन नंबरच्या काचेआडचा सगळा कापूस आक्रसला आणि पुन्हा सैल झाला.

वहीत लिहिलं: ढवळणीत अडथळा.

३१ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना रुमाल दाखवला. त्यांनी काही लपवलं नाही. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि शिकवणीत समजावतात तसं समजावलं.

बुरशी माणसाच्या छातीत वाढली तरच तिचा दम टिकतो. तिथून दर मंगळवारी थोडी काढायची आणि टाकीला लावायची. एक माणूस दोन-तीन महिने पुरतं. एका छातीला सरावलेली बुरशी परक्या छातीत धरत नाही, रक्ताच्या माणसातच धरते. श्वासातून, तीन रात्री पुरतात. तिथे धरली की आधीच्या माणसाला औषध. त्याआधी नाही. विरजण मोडून चालत नाही, म्हणाल्या.

करारात नवव्या पानावर आहे.

मग एक कोरा अर्ज दिला. ‘रक्ताच्या नात्यातील व्यक्ती.’ कसा भरायचा ते कळावं म्हणून नमुन्यादाखल ताईचा दाखवला. त्यावर आधी धाकटीचं नाव होतं. ते खोडून वर माझं लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

१ फेब्रुवारी

ताईकडे गेले. तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून समजली. चहा ठेवायला वळली. मी विचारलं, खोडताना काय विचार केलास?

ती पाठमोरीच म्हणाली, “कुणाशिवाय घर चालेल, एवढंच पाहिलं.”

चहा घेऊन आले. का घेतला कळत नाही.

३ फेब्रुवारी

फाटक उघडंच असतं. कुणी अडवलं नाही. शहरातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छाती तपासली, कारखान्याचं ओळखपत्र पाहिलं, मग टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं. म्हणाले, याचं औषध फक्त तिकडेच आहे. फी घेतली नाही. मी बाहेर पडले तेव्हा खुर्ची पुसत होते.

परत आले. जाणार कुठे? आईकडे? तिथे धाकटी माझ्याच खोलीत झोपते.

४ फेब्रुवारी

अर्ज फाडला. मी ताई नाही.

११ फेब्रुवारी

पायऱ्या चढवत नाहीत. इंधन दुप्पट. टाळ्या.

टेबलावर नवा अर्ज ठेवला आहे कुणीतरी. पेनसकट.

१७ फेब्रुवारी

आईचा फोन. ताईची तब्येत सुधारली ना, म्हणाली. धाकटीला शिंका येताहेत, तिला काढा देतेय, पोर किती नाजूक — मी मध्येच खोकले, बराच वेळ. माझं खोकून झाल्यावर आई म्हणाली, तू काय बाई, खंबीर आहेस.

२४ फेब्रुवारी

नळी दोनदा. आता तिची गरजच नाही, तोंड उघडलं तरी दिसतं, बाई म्हणाल्या. कौतुकाने.

नखांखाली पांढरं. कापलं तर टाकी —

मामा भेटायला आले. भाचीने कुणाचं नाव दिलं नाही म्हणाले. शेवटी ती टाकीतच — भुशासारखी. काही वाया जात नाही इथे. हुशार पोरगी होती म्हणाले. पण हट्टी.

२७ फेब्रुवारी

ताई आली. पाया पडली माझ्या. धाकटीचं नाव देऊ नकोस. वाटेल ते कर, तिचं नको. हुंदके देत होती, फरशीवर कपाळ —

माझ्यासाठी एवढी रडली असती तर.

एकदा तरी.

२८ फेब्रुवारी

अर्ज भरला. खाडाखोड नाही. एकच नाव.

साहेब म्हणाले, पत्र आजच टाक. मंगळवारपर्यंत पोरगी इथे हवी. पत्रातही खाडाखोड नको म्हणून आधी इथे कच्चं —

धाकटे,

काम सोपं आहे. माणसं घरच्यासारखी आहेत. मी स्टेशनवर येते. पलंग एकच आहे, पण आपण लहानपणीसारख्या एकाच पांघरुणात — तोंडाकडे तोंड करून —

तुझी फार आठवण येते. (‘फार’ नको.)

येताना फक्त