कोठडीत हजर: एक

सोमवार, ३ तारीख

पोहोचले बाई एकदाची! पाच तासांच्या प्रवासात बसनं हाडं खिळखिळी केली, पण गाव बघून बरं वाटलं. एकच मोठा रस्ता, दोन्हीकडे बुटकी दुकानं आणि टोकाला पिवळ्या रंगाची बैठी इमारत. तेच पोलीस ठाणं. लॉजची खोली लहान पण स्वच्छ आहे, आणि खिडकीतून थेट ठाण्याचा दरवाजा दिसतो. मालकीणबाईंनी न मागता जादा उशी दिली.

कामाचं नीट लिहून ठेवते, म्हणजे घरी सगळं क्रमानं सांगता येईल. माझा धाकटा भाऊ चार महिन्यांपूर्वी या ठाण्यात आला तो परत आलाच नाही. त्याच्या मित्राला इथं कसल्याशा संशयावरून अटक झाली होती, त्याची चौकशी करायला तो आला होता. मित्र तिसऱ्या दिवशी सुटून घरी गेला, अडकला हा. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या मित्राला काही विचारावं तर तो खाली मान घालून उठून जातो. फोन केला की ठाणं म्हणतं, अटक आहे, तपशील खिडकीवरच मिळेल. वकिलांचं म्हणणं, अटकेच्या नोंदीची नक्कल आणा, पुढचं मी कोर्टात बघतो.

म्हणजे काम एका कागदाचं. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात चोवीस वर्षं काढलेली बाई आहे मी. हवी ती फाईल पाच मिनिटांत काढून देते. आठवड्याची रजा टाकलीय खरी, पण दोन दिवस पुरतील.

मंगळवार, ४ तारीख

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी लोकांना ऐकवत आले. आज खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभी राहिले तेव्हा कळलं कसं वाटतं ते.

खिडकीवरचे कारकून गोल चेहऱ्याचे, मऊ आवाजाचे आहेत. रागवायलाही जागा ठेवत नाहीत. दोन तासांत नऊ वेळा 'उद्या' म्हणाले, म्हणून मी त्यांचं नाव उद्यासाहेब ठेवलं. शेवटी अर्ज दिला. एकतीस रकाने! त्यातले धाकट्याबद्दल तीन, बाकी सगळे माझ्याबद्दल. उंची, बांधा, अंगावरची खूण, जवळच्या वस्तू, घरी कोण कोण असतं. उद्यासाहेब म्हणाले, पहिले पाच भरले तरी चालतं, बरेच जण तेवढंच भरतात आणि उत्तर न मिळता परत जातात. मी म्हटलं, अर्धवट अर्ज मला बघवत नाही. पुढे बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही, म्हणून कानामागच्या तिळासकट एकतीसच्या एकतीस भरले. शेवटच्या रकान्यात नुसतं 'हजर किंवा गैरहजर' होतं. समोरच उभी होते, हजर लिहिलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत अर्जावर फुंकर घातली आणि अक्षर सुरेख आहे म्हणाले.

बुधवार, ५ तारीख

डोक्यात तिडीक गेलीय. सकाळी ठाणं म्हणालं, न्यायालयाच्या कचेरीतून शिक्का आणा. कचेरी म्हणाली, शिक्का ठाण्यातच असतो. ठाण्यात परत आले तर शिक्क्याच्या कपाटाची किल्ली मोठ्या साहेबांकडे, आणि मोठे साहेब दौऱ्यावर. सरकारी संकेतस्थळ उघडलं, तर तिथं लिहिलंय, माहितीसाठी ठाण्याशी संपर्क साधा! कोणी ताकास तूर लागू देईल तर शपथ.

मी खिडकीवर हात आपटून आवाज चढवला. सगळ्या ठाण्याला ऐकू गेलं असेल. माझा भाऊ आहे, त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलंय, तो जिवंत आहे का एवढं तरी सांगा, म्हटलं. बोलता बोलता रडू आलं, त्याचा जास्त संताप आला. उद्यासाहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. जिवंत आहे, काळजी नसावी, म्हणाले.

हात हलवत परत आले. मालकीणबाईंनी विचारलं, अर्ज किती भरलात? सगळा, म्हटल्यावर त्या लगबगीनं खाली गेल्या. जेवणाचं ताट मात्र स्वतः वर आणून दिलं आणि दारातच घुटमळत राहिल्या.

गुरुवार, ६ तारीख

अखेर रेकॉर्ड रूम उघडली. अर्ज पूर्ण असल्यामुळे मला नोंदवही स्वतः बघता येते म्हणे. मग दोन दिवस नाचवलं कशाला? विचारलं, तर म्हणाले, शाई पक्की व्हावी लागते.

खोलीत एकच कपाट आणि एकच वही. मला वाटलं, बाकीच्या हरवल्या असतील, तर उद्यासाहेब म्हणाले, दुसरी लागलीच नाही, इथं गुन्हे होत नाहीत. प्रत्येक पानावर एक अटक. धाकट्याचं पान पाहिलं, त्याचा फोटो पाहिला. गुन्ह्याचा रकाना कोरा. सुटकेचा कोरा. एवढ्यात घंटा झाली आणि वही मिटून घेतली. नक्कल उद्या.

शुक्रवार, ७ तारीख

आधी सगळं लिहून काढते.

आज ती वही सुरुवातीपासून वाचली. प्रत्येक पानावर खाली एक ओळ आहे, 'चौकशीस आलेली व्यक्ती'. तिथं जे नाव, पुढच्या पानावर अटक त्याचीच. नवऱ्यासाठी बायको आली, तिच्यासाठी तिचा दीर आला, त्याच्यासाठी सासरे. मित्रासाठी धाकटा. आणि ज्या दिवशी नवं पान उघडतं, त्याच दिवशी आधीच्याची सुटका. कोठडी एक दिवसही रिकामी नाही.

धाकट्याच्या पानाखाली माझं नाव आहे.

पुढचं पान उलटलं. उंची. बांधा. तीळ. माझ्याच अर्जातलं सगळं उतरवून घेतलंय. शेवटी — हजर.

उद्यासाहेबांनी शांतपणे समजावलं. कोठडीत कोणी नाही असा अहवाल वर गेला की ठाणं बंद होतं, असा जुना नियम आहे. इथं कोणी गुन्हा करत नाही, मग ठाणं चालायचं कसं? म्हणून एक जण हजर दाखवावा लागतो. अर्धवट अर्जाचा माणूस चालत नाही. तुमच्या भावानंही सगळे रकाने भरले होते, म्हणाले.

भरणारच. शाळेपासूनचे त्याचे अर्ज मीच शेजारी बसून भरून घेतले.

मी हसले, त्यांना वेडं म्हटलं आणि तडक बाहेर आले. कोणी अडवलं नाही. लॉजवर पोहोचते तोच नवऱ्याचा फोन. धाकटा घरी आला! एकटाच, अंगात तेच कपडे. मी भर रस्त्यात रडले. विचारलं, काही बोलतोय का? नवरा म्हणाला, तुझं नाव काढलं की मान खाली घालतो.

सकाळची पहिली बस.

शनिवार, ८ तारीख

बस स्टँडवर दोन शिपाई. चढले नव्हते अजून. अदबीनं बोलले, बॅगही त्यांनीच उचलली. मी ओरडले, हिसके दिले — रांगेतल्या माणसांनी पाठ फिरवली. मालकीणबाई दुकानाशी उभ्या होत्या. त्यांनीही.

फोन जमा केला. वही राहू दिली, लिहायला हरकत नाही म्हणे. घरी कळवू दिलं नाही — चौकशीला येऊ नका, एवढंच कळवायचं होतं, तेवढंच —

तारीख माहीत नाही

कोठडी खिडकीच्या मागेच. मध्ये एक पातळ भिंत. उद्यासाहेब बोलतात तो शब्द न् शब्द ऐकू येतो. उद्या या. उद्या या.

म्हणजे धाकट्यालाही ऐकू येत होतं. तीन दिवस. मी भांडत होते, त्याच्यासाठी रडत होते — तो याच भिंतीला टेकून — एका हाकेत मी पळाले असते. त्यानं हाक मारली नाही.

त्याला कधीच क्षमा करणार नाही. कधीच.

तारीख —

किती दिवस झाले? माझ्यासाठी कोणी येऊ नये. रोज हेच म्हणते. मोठ्यानं म्हणते, म्हणजे खरं वाटतं.

कोणीच आलं नाही तर मी इथंच —

नाही. येऊ नये.

आज

लेक आलीय माझी.

खिडकीवर आहे. आवाज चढवून भांडतेय, अगदी माझ्यासारखी. आईचा पत्ता सांगा, नाहीतर इथून हलणार नाही, म्हणतेय. एकोणीस वर्षांची पोर. एकटीच आली. कोणी सोडली तिला —

ते तिला सांगताहेत, पहिले पाच रकाने पुरे.

कागदाचा आवाज येतोय. पेन चालतंय. पाचाला थांबेल. थांब गं बाळा —

थांबली नाही.

एक हाक पुरे. भिंतीवर एक थाप. ती पळत सुटेल, ती चपळ आहे. दाराच्या फटीतून ऊन आत आलंय, बाहेरच्या रस्त्यावरचं. किती दिवसांनी —

मी अजून हाक मारलेली नाही. लिहीत बसलेय. मी लिहीत का बसलेय, हाक मारायची सोडून मी —