निळ्या पाण्याची तक्रार

तीर्थस्वरूप मावशीस, तुझ्या लाडक्या (आणि तुझ्याच मते बिनडोक) भाच्याचा हात स्वच्छ धुऊन नमस्कार. धुतल्याचं मुद्दाम लिहितो, कारण गेला आठवडाभर ते गटारात होते. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस.

शेजारच्या रंगारीणबाई तुला आठवत असतील. घरातच कापड रंगवतात, हात कोपरापर्यंत निळे. त्यांचं सांडपाणी आमच्या अंगणातल्या चेंबरमधून पुढे जातं आणि दोन वर्षांपूर्वी ते सारखं वर यायचं. मी त्याचा कायमचा बंदोबस्त केला (कसा, ते पुढे येईलच). निळं पाणी बंद झालं आणि मी चारचौघांत कॉलर ताठ करून फिरू लागलो.

गेल्या सोमवारी अंगण पुन्हा तुंबलं. मी तरातरा त्यांच्या दारात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि लाल रंगाची पुडी घेऊन आल्या. "ही तुमच्या सिंकमध्ये ओता," एवढंच म्हणाल्या. आमच्या हिनं, म्हणजे तुझ्या सुनेनं, ओतली. पाच मिनिटांत अंगणात लालभडक पाणी, आणि मधोमध पांढऱ्या विजारीत मी. पाणी आमचंच होतं.

दुसरं कुणी असतं तर माझ्यावर उट्टं काढलं असतं. या मात्र बांबूच्या पट्ट्या एकीला एक बांधून चेंबरपाशी पालथ्या पडल्या आणि त्या पाइपात सारत, डोळे मिटून सांगू लागल्या, "हा सांधा. हे वळण. हं, इथे काहीतरी मऊ आहे." काय हात आहे, मावशी. मी नुसती बॅटरी धरून होतो (तीही म्हणे उलट्या बाजूला).

जे बाहेर आलं ते पाहून मी बॅटरी विझवली. तू विणलेला स्वेटर. डावी बाही चार बोटं लांब, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. (दोन वर्षांपूर्वी मीच तो त्यांच्या पाइपाच्या तोंडात कोंबला होता. हाच तो बंदोबस्त. सरकत सरकत तो चेंबरच्या पुढच्या पाइपात जाऊन बसला, जिथून आमचंही पाणी जातं.) बाईंनी एकदा स्वेटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात तुझी सून गरम पाणी घेऊन आली, तर यांनी तो बादलीत टाकला, वर फडकं झाकलं आणि म्हणाल्या, "कुणाचं तरी जुनं पोतं." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

रविवारी त्यांनी तो धुऊन, गडद निळा रंगवून, घडी करून आणून दिला. दोन वर्षं गटारात राहूनही एक टाका निसटलेला नाही. तुझ्याही हाताला तोड नाही.

तुझा भाचा

ता. क. जुना स्वेटर हरवला आणि हा तू नवा पाठवलास, असं तुझ्या सुनेला सांगितलंय. बाही बघून तिला पटलं. तू आलीस की सांभाळून घे.

आणखी एक. खरं लिहायचं ते राहिलंच. पाइप बंद झाल्यापासून पाणी जात कुठे होतं, असं काल बाईंना विचारलं. दोन वर्षं त्या रंगाचं पाणी बादल्या भरभरून कोपऱ्यावरच्या गटारात ओतत होत्या. "वाटलं, पाइप खचला असेल. तुमचं अंगण कशाला खणायला लावायचं," म्हणाल्या. मी रोज खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, बाई भारी कष्टाळू. मला फार लाज वाटते, मावशी. त्यांचा उजवा खांदा आता गारठ्यात धरतो. त्यांच्यासाठी एक जाड स्वेटर विण. लोकर सोबत पाठवलीय, मापं माझीच धर, त्या माझ्याच अंगलोटाच्या आहेत. बाह्या मात्र या वेळी सारख्या कर.