पाहुणीच्या आधी

परळ,
रविवार दुपार

प्रिय आई,
तुला आणि आजीला सलाम. आजीला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय, तिला मोठ्याने वाचून दाखव. माझा खोकला गेलाय. हॉस्पिटलची ड्युटी नीट चाललीय. तुझे गुडघे कसे आहेत?

आज आमच्या चर्चमध्ये इंग्लंडहून फिरायला आलेली एक म्हातारी बाई होती. प्रभुभोजनाचा द्राक्षारस घ्यायला मी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले, तर चर्चचे वॉर्डन लोखंडे अंकल कानाशी येऊन म्हणाले, "दीपिका, मागे हो. प्याला स्वच्छ आहे तोवर पाहुणीला पिऊ दे."

मी हललेच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अंकल, मी प्याला बाटवणार आहे का?" पाळकसाहेबांनी प्याला माझ्या ओठांना लावला.

बाई शेजारीच होती. पाळकसाहेब प्याल्याची कड पुसायला लागले, तर तिने हातानेच 'राहू द्या' म्हटलं आणि तशीच प्याली. नंतर चहाच्या वेळी तिने माझं नाव विचारून आपल्या वहीत लिहून घेतलं.

हॉस्टेलची खोली अंकलच्याच शब्दावर मिळालीय, ठाऊक आहे मला. काढून घेतली तर घेऊ देत. मी माफी मागणार नाही. तूही त्यांना फोन करून मागायची नाहीस.

गावच्या विहिरीवर बाट नको म्हणून लोक आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. चर्चमध्ये सगळ्यांच्याच प्याल्यातून प्यायला मिळालं, म्हणून ती येशूची झाली. तिच्या कानाशी जाऊन सांग, आज तिची नात आधी प्याली.

तुझी हट्टी
दीपिका